पेढ्याच्या तोंडाचा दाखला

माझ्या कुत्र्याच्या तोंडात सात आणि कातडीवर चार, असे एकूण अकरा प्रकारचे जिवाणू आहेत, आणि हे मी छाती पुढे काढून सांगतो. माझ्याकडे तसा कागद आहे. कागदावर शिक्का आहे, शिक्क्याखाली सही आहे. आमच्या सोसायटीत छत्तीस फ्लॅट आहेत, पण स्वतःच्या तोंडाबद्दल असा कागद दाखवू शकेल असा एकही सभासद त्यांत सापडणार नाही.

सुरुवात झाली ती लिफ्टमध्ये. मी आणि पेढा सकाळचा फेरफटका मारून चौथ्या मजल्यावर निघालो होतो. पेढा म्हणजे आमचा कुत्रा. रंगाने पेढ्यासारखा आणि जातीने पनवेलच्या एसटी स्टँडमागचा. लिफ्टचं दार बंद होता होता आमचा सेक्रेटरी विश्वजीत आत शिरला. हातात सत्यनारायणाच्या प्रसादाचा डबा. पेढ्याने डब्याला तोंड लावलं नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्याने फक्त विश्वजीतच्या मनगटाला एकदा जीभ लावली, तीसुद्धा ओळख म्हणून. विश्वजीत असा काही दचकला की डबा हातातून सुटता सुटता राहिला. म्हणाला, "काका, किती घाण असते यांच्या तोंडात. किती जंतू असतात माहितीये?"

आता, कुत्र्याला कोणी घाण म्हटलं तर मी एक वेळ सोडून देतो. पण ज्या स्वरात तो 'काका' म्हणाला तो मला लागला. चौतीस वर्षं मी सरकारी कचेरीत काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. मोठमोठे अधिकारी माझ्याकडून मसुदा तपासून घेत. असल्या माणसाला दोन मजल्यांच्या प्रवासात आरोग्यशास्त्र शिकवायचं म्हणजे काय? विश्वजीत दुसऱ्या मजल्यावर उतरला. मी त्याच लिफ्टने खाली आलो, वॉचमनकडून सोसायटीची तक्रार वही मागितली, आणि उभ्याउभ्या लिहिलं:

'सदर श्वानाचे मुख व त्वचा पूर्णतः जंतुविरहित असून तसा प्रयोगशाळेचा अहवाल पंधरा दिवसांत सादर करण्यात येईल. तसे न घडल्यास श्वानास सोसायटीच्या हद्दीबाहेर कायमचे हलवण्यात येईल. कळावे. क. बा. घरत.'

मसुदा म्हणून वाक्य उत्तम होतं. एक मात्रा इकडची तिकडे नाही. वर जाऊन मी ते हौसाला, म्हणजे माझ्या बायकोला, मोठ्या आवाजात म्हणून दाखवलं. ती भाकरी थापत होती. तिने हात थांबवला.

"कायमचे हलवनार म्हंजे कुठं?"

"गव्हाणला. तुझ्या भावाकडे. पण ती वेळ येणार नाही, अगं. ती फक्त लिहिण्याची पद्धत असते."

"भावाकडं चार कुत्रं हायत आधीच. आनि मी नाय धाडायची त्याला. तुमाला कोनी सांगितलेलं लिवायला? रागावलाव तर घरात येऊन भांडी आपटायची. वहीत कनाला लिवलंव?"

भांडी आपटणं आणि वहीत लिहिणं यांतला फरक मी तिला समजावायला गेलो, पण तिने भाकरी तव्यावर टाकली. आमची अंकिता लग्न होऊन पुण्याला गेली त्या वर्षी हौसा चार महिने धड जेवत नव्हती. मग एक दिवस हे पिल्लू एसटी स्टँडमागून आमच्यामागे आलं आणि ती पुन्हा दोन भाकऱ्या खायला लागली. एक स्वतःसाठी, एक त्याच्यासाठी. ही गोष्ट मला लिहिताना आठवली नाही. मसुदा करताना माणसाला फक्त मसुदाच दिसतो.

असो. पंधरा दिवस म्हणजे भरपूर, असं मी धरून चाललो. पेढ्याला आधी स्वच्छ करायचं आणि मग तपासणीला न्यायचं, हा सरळ हिशोब होता. शाळा तपासायला साहेब येणार असले की आदल्या दिवशी भिंती रंगवतातच की.

पण सोसायटीत कुठलीही गोष्ट एकट्याने करता येत नाही. दुपारपर्यंत वही तिन्ही विंगमध्ये वाचून झाली होती. शेजारच्या दमयंतीबाई कडुलिंबाच्या काड्या घेऊन आल्या. त्यांच्या मते रोज सकाळी कुत्र्याला काडी चावायला लावली की आठवड्यात दात मोत्यासारखे होतात. पेढ्याने काडी चावली, पण दमयंतीबाईंच्या चपलेसकट. तळमजल्यावरचे धर्मराज हे आमचे अध्यक्ष. त्यांनी गोमूत्राच्या गुळण्या सुचवल्या. कुत्र्याला गुळण्या करायला कसं सांगायचं, असं मी विचारलं तर म्हणाले, "तो तुमचा प्रश्न आहे, मी उपाय सांगितला." अध्यक्ष म्हणून त्यांनी आजवर याच पद्धतीने काम केलं आहे.

मी माझा मार्ग निवडला. औषधी साबण. पाकिटावर नव्व्याण्णव पूर्णांक नऊ दशांश टक्के जंतू मरतात असं छापलेलं होतं. उरलेल्या एक दशांशासाठी मी दिवसातून तीन वेळा आंघोळ घालायचं ठरवलं. पेढा पहिल्या दिवशी गंमत म्हणून आला, दुसऱ्या दिवशी माझ्यावर उपकार म्हणून आला, आणि तिसऱ्या दिवशी पलंगाखालून बाहेरच येईना. चौथ्या दिवशी त्याच्या पोटावर लाल चट्टे उठले आणि तो कराकरा खाजवू लागला. हौसाने माझ्या हातातला साबण काढून घेतला आणि खिडकीतून खाली टाकला. अध्यक्षांच्या अंगणात पडला. त्यावरून निराळं पत्र आलं, ते इथे सांगत नाही.

पाचव्या दिवशी मी कोंडी फोडायची म्हणून थेट बाजारातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेलो. काउंटरवर हेतल नावाची मुलगी होती, स्वभावाने चांगली.

"पेशंटचं नाव?"

"पेढा."

तिने टाइप केलं. "पूर्ण नाव?"

मी म्हणालो, "पेढा कमळाकर घरत." काय करणार, रकाना रिकामा सोडायचा नाही ही सवय.

"वय?"

"चार."

"अगं बाई, लहान आहे. कुमार लिहू ना? फास्टिंग आहे का? आणि बाळाला आणलंय कुठे, अंकल?"

बाळ बाहेर रिक्षाचं चाक हुंगत होतं. मी बोट दाखवलं. हेतलने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली की सॉफ्टवेअरमध्ये एकदा कुमार टाकल्यावर काढता येत नाही, त्यासाठी मुंबईला फोन करावा लागतो. तिने फोन केला. मुंबईने तिला विचारलं की पेशंट चावतो का. एकंदरीत त्या लॅबने आम्हाला नम्रपणे नकार दिला, पण आजही दर महिन्याला माझ्या मोबाइलवर मेसेज येतो: 'कुमार पेढा यांची वार्षिक तपासणी बाकी आहे.'

तिथून मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर एका म्हशीच्या मागे कोपरापर्यंत हात घालून उभे होते. मी कागद पुढे केला. मी स्वतः नमुना तयार करून नेला होता, 'श्वान जंतुमुक्त असल्याचा दाखला', खाली सहीसाठी जागा. त्यांनी हात न काढता मान वाकडी करून वाचला.

"असा दाखला नसतो," ते म्हणाले.

"नसला तर सुरू करता येईल. नमुना बरोबर आहे ना?"

"अहो, जंतुमुक्त कुत्रा नसतो. जिवंत तर नसतोच. मेल्यावर आणखी वाढतात."

मग त्यांनी पेढ्याचं पोट बघितलं आणि त्यांचा आवाज बदलला. हे चट्टे कशाचे, किती वेळा आंघोळ, कुठला साबण, सगळं विचारून घेतलं. म्हणाले, "याला काहीही झालेलं नव्हतं. जे झालंय ते तुम्ही केलंय." म्हशीचा मालकही माझ्याकडे तसाच बघत होता. माझ्या नोकरीत मला कोणी मेमो दिला नाही, तो त्या दिवशी म्हशीसमोर मिळाला. मी मान खाली घातली. पेढा माझ्या पायाला टेकून उभा होता. त्याने रागावायला हवं होतं, तसा तो रागावला नव्हता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मलम देऊन डॉक्टरांनी तीन दिवसांनी परत बोलावलं, आणि तेव्हा माझ्या फारच आग्रहावरून तोंडाचा नि कातडीचा नमुना घ्यायला तयार झाले. कापसाची काडी तोंडात फिरवायची आणि नळीत घालायची, एवढंच काम. पहिली काडी पेढ्याने खाल्ली. दुसरी घेऊन तो टेबलाखाली गेला. तिसऱ्या काडीच्या वेळी मी त्याच्यासमोर बसून स्वतः आ केला, तेव्हा त्यानेही केला. तेवढ्यात दारातून आत आलेल्या एका बाईंना तपासणी माझी चालू आहे असं वाटलं. नमुने प्राण्यांच्या लॅबमध्ये मुंबईला गेले.

बाराव्या दिवशी अहवाल आला. मी तो देव्हाऱ्यापुढे उघडला. 'जंतू आढळले नाहीत' अशी एक ओळ असेल अशी माझी कल्पना. तिथे यादी होती. तोंडाची सात नावं आणि कातडीची चार, एकेक नाव मालगाडीएवढं. मी पेन्सिल घेऊन मोजली. पुन्हा मोजली. अकराच भरली. मी खाली बसलो.

हौसा आतून आली. माझ्याकडे बघून तिला कळलं. संध्याकाळी मी पाहिलं तर ती पेढ्याची चादर धुवून घडी घालत होती, आणि घडी घालता घालता थांबत होती. पंधरा दिवसांतले तीन उरले होते. त्या बाईने माझ्यामागे गव्हाणचं मोकळं अंगण सोडून पनवेलच्या चौथ्या मजल्यावर संसार केला, आणि मी एका वाक्यासाठी तिच्यापासून काय काढून घेत होतो ते मला तेव्हा दिसलं. लाज वाटली, सरळ सांगतो.

शेवटी मी कागद घेऊन तिसऱ्या मजल्यावर रेचलताई आपटेकरांकडे गेलो. त्या मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात सूक्ष्मजीवांच्या विभागात तीस वर्षं होत्या. मुलगा एलाद तिकडे इस्रायलला, या मात्र पनवेल सोडत नाहीत. शुक्रवारची दुपार होती, शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या, आधीची त्यांची स्वयंपाकाची गडबड चालली होती. तरी त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि अहवाल वरपासून खालपर्यंत वाचला.

"अभिनंदन, घरतभाऊ," त्या म्हणाल्या.

"चेष्टा करू नका हो. अकरा आहेत."

"आणि अकरा हे तर लॅबच्या या पद्धतीत वाढवता आले तेवढेच. खरे तर शेकड्याने असतील. निरोगी कुत्र्याचं तोंड असंच असतं. तुमचं नि माझंही. जात निराळी, गर्दी तेवढीच. हे खाली लिहिलंय बघा, सामान्य. तुम्ही नावं मोजलीत, हा शब्द वाचलाच नाहीत."

खरंच वाचला नव्हता. कारकुनाने शेरा न वाचता यादी वाचावी, याहून मोठी नामुष्की नाही.

"पण हे येतात कुठून?"

"येत नाहीत, तिथेच असतात. आईने पिल्लाला चाटलं तेव्हापासून. जागा धरून बसलेले आहेत म्हणून बाहेरच्या वाईटाला सहज शिरकाव मिळत नाही. तुम्ही साबण लावलात तेव्हा हेच उठवलेत, म्हणून त्याला चट्टे आले."

माझ्या बापाचं मिठागर प्रकल्पात गेलं. प्रकल्पग्रस्त असल्याचा दाखला मिळवायला मी स्वतः किती खेटे घातले ते मलाच ठाऊक. आम्ही इथले मूळचे, हे सांगण्यात माझी अर्धी हयात गेली. आणि मी, गव्हाणचा घरत, रोज तीन वेळा बादली घेऊन मूळ रहिवाशांना उठवायला उभा राहिलो होतो.

"मात्र डोक्यावर घेऊन नाचू नका," रेचलताई पुढे म्हणाल्या. "उघड्या जखमेवर चाटू द्यायचं नाही. चावला तर साबणाने भरपूर धुवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. आणि ज्याची प्रतिकारशक्ती कमी आहे त्याने अंतर राखलेलं बरं."

हे मी कानामागे टाकलं, कारण ते माझ्या बाजूचं नव्हतं. माझं भाषण डोक्यात तयार व्हायला लागलं होतं.

पंधराव्या दिवशी, रविवारी, खाली पार्किंगमध्ये सभा भरली. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. हौसा मागच्या खुर्चीवर, पेढा तिच्या पायाशी. अध्यक्षांनी विषय पुकारला. मी उठून अहवाल वाचला. अकराही नावं, न अडखळता. दोन रात्री पाठ केली होती. एकेका नावासरशी पहिली रांग खुर्च्या मागे सरकवत होती. मग मी मूळ रहिवाशांचा मुद्दा मांडला. मागे बसलेल्या आमच्या गावाकडच्या दोन-तीन सभासदांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. आणि शेवटी खिशातून कापसाच्या काड्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"ज्या सभासदाचं तोंड जंतुविरहित आहे त्याने पुढे यावं. खर्च माझा."

कोणी आलं नाही. दमयंतीबाईंनी पदर तोंडावर घेतला. धर्मराज मला काहीतरी सांगायला निघाले होते, त्यांनी तोंड मिटलं. रेचलताई म्हणाल्या, "ते बरोबर सांगतायत," आणि विषय संपला. एवढा शांत झालेला आमच्या सोसायटीचा सभासदवर्ग मी प्रथमच पाहिला. नोकरीत मला जे कधी मिळालं नाही ते त्या क्षणी मिळालं, असं वाटलं.

मग विश्वजीत उठला. हातात वही होती.

"काका, पटलं सगळं. पण तुम्ही लिहून दिलंय, जंतुविरहित. नसल्यास हलवू. मी नाही लिहिलं, तुम्ही लिहिलंत."

मी म्हणालो, "नियम दाखव. कुत्रा पाळायला बंदी करणारा कुठलाच नियम नाही."

"नियम नाहीये. म्हणून तर तुमचं लिहिलेलं धरून बसलोय." त्याने वही मिटली. मग सगळ्यांसमोर बोलायचं की नाही असं क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "आईला गावाहून आणलंय दोन महिन्यांपूर्वी. केमो चालू आहे. तिला कुणी विचारलेलं आवडत नाही, म्हणून सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणालेत, साधा जंतूसुद्धा तिला महागात पडेल. त्या दिवशी प्रसाद तिच्यासाठीच नेत होतो. लिफ्ट एवढीशी. मला दुसरं काही सुचलं नाही, काका."

रेचलताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी सांगितलेलं मी कानामागे टाकलं होतं, ते त्यांनाही कळलं असावं. मागून हौसा उठली. मला वाटलं, आता ही विश्वजीतशी भांडणार. ती म्हणाली, "पोरा, आईला काय लागतं खायला? मी देत जाईन." आणि मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "आनि तुमी. लिवलंव ते खोडा."

मी वही मागून घेतली. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून खाडाखोड झाली नव्हती, आणि छत्तीस फ्लॅटच्या देखत ती करायची होती. पेनचं टोपण काढायला मला जरा वेळ लागला. मी माझं ते उत्तम वाक्य आडव्या रेघेने खोडलं. बाजूला लिहिलं, 'चुकीचे लिहिले गेले', आणि पूर्ण सही केली. मग खाली नवं लिहिलं: 'सदर श्वान यापुढे लिफ्टचा वापर करणार नाही व जिन्याने ये-जा करील. कोणासही चाटू दिले जाणार नाही. पहिला मजूकर रागाच्या भरात लिहिला होता.' 'मजकूर' हा शब्द लिहिताना माझा हात चुकला होता. तोही तसाच राहू दिला.

विश्वजीतने वाचलं, खाली आपला शेरा मारला आणि वही माझ्याकडे केली. 'मान्य. श्री. घरत यांनी स्वतः लिफ्ट वापरण्यास हरकत नाही.'

मुलगा मनाने चांगला आहे, आणि शेरा मुद्देसूद लिहितो. त्याची आईही आता बरी आहे, हौसाच्या हातची मऊ खिचडी तिला जाते. पण लिफ्टचं म्हणाल तर मी अजून एकदाही तिच्यात पाऊल ठेवलेलं नाही. चार मजले पेढ्याने एकट्याने चढायचे आणि मी आरशात भांग बघत वर जायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. दिवसातून तीनदा आम्ही दोघं जिना चढतो. तो पुढे जातो, प्रत्येक वळणावर थांबतो, आणि माझे गुडघे येईपर्यंत मागे बघत राहतो. धर्मराज मला विचारतात, या वयात कशाला? मी त्यांना सांगतो, जमतं म्हणून.

वर पोचतो तेव्हा दोघांच्याही जिभा बाहेर आलेल्या असतात. हौसा दार उघडून उभीच असते. आधी त्याला पाणी देते, मग मला.